कोळशाच्या धुळीमागोमाग : वेल्सच्या खोऱ्यांतील पाच दिवस

खाणीसाठी जमिनीत विहिरीसारखा उभा शाफ्ट खोदताना पोलादी दोरांवर टांगलेला एक दुमजली लोखंडी मचाण वापरतात, ज्याच्या खालच्या बाजूस खोदकाम चालते आणि ज्यावर उभे राहून गवंडी शाफ्टची भिंत बांधत जातात. आम्ही त्याला नुसते ‘गॅलोवे’ म्हणत असू. ‘गॅलोवे दोन फूट खाली घ्या’ हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा उच्चारले असेल, पण तो शब्द म्हणजे एका माणसाचे आडनाव आहे, याचा विचार चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात तीस वर्षे काढूनही कधी केला नव्हता. निवृत्तीनंतर मुलीकडे कार्डिफला जायचे ठरले, तेव्हा तिच्या शहराविषयी वाचताना सर विल्यम गॅलोवे हे नाव समोर आले आणि कळले की मचाण ही त्यांची किरकोळ कामगिरी होती. कोळशाची धूळ स्फोटाला बारुदासारखी साथ देते, हे त्यांनी १८७६ मध्येच लिहून ठेवले होते आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे त्यांचे ते म्हणणे मानले गेले नव्हते. मुलीकडील मुक्कामातले पाच दिवस मी त्या धुळीमागोमाग फिरण्यासाठी राखून ठेवले.

पहिला दिवस : कार्डिफ

कार्डिफच्या जुन्या गोदीचा परिसर आता उपाहारगृहांनी आणि काचेच्या इमारतींनी भरला आहे आणि पाण्याकाठी फिरणाऱ्यांना कोळशाचा एक कणही दिसत नाही. लाल विटांची आणि लाल नक्षीदार मातकामाची १८९७ सालची पिअरहेड इमारत तेवढी जुन्या वैभवाची साक्षीदार म्हणून उभी आहे. १९१३ या एका वर्षात या गोदीतून १ कोटी टनांहून अधिक कोळसा जहाजांवर चढला होता. साउथ वेल्सच्या खोऱ्यांतील, वाफेच्या इंजिनांसाठी वापरला जाणारा हा कोळसा जवळजवळ धूररहित जळतो, त्यामुळे ब्रिटिश आरमाराची त्याला पहिली पसंती होती आणि जगभरच्या बंदरांत त्याचे साठे करून ठेवलेले असत. मुंबईला आलेल्या कितीतरी आगबोटी याच कोळशावर चालल्या असणार. गोदीपासून जवळच माउंट स्टुअर्ट चौकात कोल एक्स्चेंजची भव्य इमारत आहे, जिथे कोळशाचे भाव ठरत आणि जिथे दहा लाख पौंडांचा पहिला धनादेश लिहिला गेला, असे सांगतात. कार्डिफमधला प्रत्येक माणूस ही गोष्ट सांगतो. माझ्या जावयांनी तर ती मला दोनदा सांगितली.

दुपारी आम्ही न्यूपोर्ट रोडवर गेलो. साउथ वेल्स अँड मॉनमथशायर युनिव्हर्सिटी कॉलेज १८८३ मध्ये याच रस्त्यावरच्या एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत सुरू झाले आणि गॅलोवे तिथे १८९१ ते १९०२ खाणशास्त्राचे प्राध्यापक होते. आज तिथे त्यांच्यासाठी पाहण्यासारखे काही नाही. वाहनांची वर्दळ आहे आणि विद्यापीठाची नवी बांधकामे आहेत. मी पदपथावर दहा मिनिटे उभा राहिलो आणि मुलीला त्यांच्या घराण्याची हकिगत सांगितली, कारण त्यात तिला रस वाटेल असा एक धागा होता.

गॅलोवे मूळचे वेल्सचे नव्हेत. त्यांचा जन्म स्कॉटलंडमधील पेझ्ली या गावी १२ फेब्रुवारी १८४० रोजी झाला. व्हिक्टोरिया राणीला गादीवर येऊन तेव्हा पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. वडील शालींचे कारखानदार होते आणि त्यांच्या मालकीच्या कोळशाच्या खाणीही होत्या. काश्मिरी शालींवरची आपली कोयरी ज्या गावातल्या मागांवर विणली जाऊ लागली आणि पुढे इंग्रजीत त्या गावाच्याच नावाने ओळखली जाऊ लागली, ते हे पेझ्ली. मुलीने त्या दिवशी नेमकी कोयऱ्यांची ओढणी घेतली होती, त्यामुळे गॅलोवे हा विषय तिने त्यानंतर मुकाट्याने ऐकून घेतला. शालींच्या पैशावर मुलगा जर्मनीत गीसेन येथे आणि नंतर सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या खाण अकादमीत शिकला आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातही. १७६५ मध्ये स्थापन झालेली फ्रायबर्गची अकादमी हे त्या काळी खाणविद्येचे काशीक्षेत्र होते. ब्रिटनमधले बहुतेक खाण-अभियंते तेव्हा एखाद्या अनुभवी व्यवस्थापकाच्या हाताखाली उमेदवारी करून तयार होत, प्रयोगशाळेत नव्हे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला असे मला वाटते.

दुसरा दिवस : ब्लेनॅव्हन, बिग पिट

ब्लेनॅव्हनचा गॅलोवे यांच्याशी थेट संबंध नाही. परंतु आमच्या घरच्यांपैकी कोणीही आजवर खाणीत उतरलेले नव्हते आणि बिग पिट येथे ते शक्य होते. १९८० मध्ये बंद पडलेली ही खाण १९८३ पासून संग्रहालय म्हणून चालते आणि भोवतालच्या औद्योगिक परिसराला २००० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. उतरण्यापूर्वी मोबाइल, बॅटरीवरची घड्याळे, काड्यापेटी असे सर्व काही काढून द्यावे लागते आणि मग शिरस्त्राण, दिवा, कमरेला बॅटरी व स्वसंरक्षक श्वसनयंत्राचा डबा देतात. जावईबापू हसत होते, पण दिव्याची बॅटरी कमरेला लागताच माझी पावले आपोआप जुन्या चालीने पडू लागली. केजमधून, म्हणजे खाणीच्या पाळण्यातून, साधारण ९० मीटर खाली गेल्यावर ओळखीचा वास आला. ओल, गंज, जुने लाकूड आणि त्या सर्वांखाली कोळशाचा स्वतःचा असा किंचित गोडसर वास.

आमचे वाटाडे स्वतः निवृत्त खाणकामगार होते. त्यांनी सर्वांना दिवे विझवायला सांगितले आणि दार उघडण्या-मिटण्यासाठी अशा काळोखात दिवसभर बसणाऱ्या पोरांविषयी सांगितले. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालील मुलांना आणि सर्व स्त्रियांना भूमिगत कामातून वगळले, तोवर पाच-सहा वर्षांची पोरेही इथे राबत. मग त्यांनी जुना सुरक्षा दिवा दाखवला. हंफ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये शोधलेल्या या दिव्याची ज्योत बारीक तारेच्या जाळीत असते. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे ज्योत बाहेरच्या मिथेनपर्यंत, म्हणजे कोळशातून सुटणाऱ्या ज्वालाग्राही वायूपर्यंत, पोचत नाही आणि हवेत वायू असेल तर ज्योतीभोवती फिकट निळे टोपण दिसते.

या दिव्यापाशी गॅलोवे यांची पहिली मोठी कामगिरी आहे. डेव्ही दिवा आला तरी स्फोट थांबले नव्हते आणि जिथे सर्व कामगारांकडे कुलूपबंद सुरक्षा दिवे होते, तिथेही ते होत होते. चौकशीत मग बहुधा असा निष्कर्ष निघे की कोणा कामगाराने चिलीम पेटवण्यासाठी दिवा उघडला असावा. तो कामगार मेलेला असल्याने प्रतिवाद करायला कोणी नसे. गॅलोवे यांनी एका नळीच्या एका टोकाला पिस्तुलाचा बार काढला आणि त्या आवाजाच्या धक्क्याने दुसरीकडच्या दिव्याची ज्योत जाळीतून बाहेर पडून भोवतालचा वायू पेटवते, हे दाखवून दिले. म्हणजे दूरवर कोणी सुरुंग उडवला, तर दिवा न उघडताही तो आग बाहेर टाकू शकतो. सुरुंग आणि खाणीतील स्फोट यांच्या संबंधावरचा त्यांचा निबंध रॉयल सोसायटीने १८७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी १८७२ मध्ये हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट स्कॉट यांच्यासह त्यांनी हवेचा दाब आणि खाणीतील स्फोट यांचा संबंधही तपासला होता. दाब घसरला की कोळशातून आणि जुन्या पोकळ्यांतून वायू अधिक बाहेर पडतो, हे त्यामागचे कारण. आमच्याकडेही भुयारी खाणीच्या कार्यालयात हवेच्या दाबाचे मापक असते, ते याच कारणासाठी.

मी वाटाड्यांना धुळीबद्दल विचारले. त्यांनी आधी आपल्या छातीवर हात ठेवला, कारण इथल्या लोकांसाठी धूळ म्हणजे प्रथम फुप्फुसांचा आजार; स्फोटाची गोष्ट त्यांनी नंतर काढली.

तिसरा दिवस : रोंधा खोरे

आजचा दिवस सर्वांत मोठा होता आणि तो मी एकट्यानेच काढला. वेल्श भाषेत ‘डी’ हे अक्षर जोडून दोनदा आले की त्याचा उच्चार आपल्या ‘ध’च्या जवळ जातो, त्यामुळे नकाशावर ‘रोंडा’ वाटणारे हे खोरे प्रत्यक्षात ‘रोंधा’ आहे, हे मला गाडीतल्या एका आजींनी बजावून सांगितले. कार्डिफहून निघालेली गाडी पॉन्टिप्रिथनंतर अरुंद खोऱ्यात शिरते. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मधे नदी, आणि उतारावर एकमेकांना चिकटून उभ्या घरांच्या लांबच लांब रांगा. ट्रेहावोड येथे जुन्या लुईस मर्थर खाणीचे दोन लोखंडी मनोरे अजून उभे आहेत. १८५६ मध्ये जिथे स्फोटात ११४ माणसे गेली ती किमर खाण पोर्थजवळची. त्याच्या पुढे डिनास, मग टोनिपँडी आणि मग लुइनिपिया. ही सगळी स्थानके एकापाठोपाठ एक अशी येतात की पुण्याच्या लोकलची आठवण व्हावी. माझ्यासाठी मात्र ती नावे म्हणजे अपघातांच्या यादीतील ओळी होत्या.

गॅलोवे आधी पश्चिम स्कॉटलंडमध्ये आणि नंतर साउथ वेल्समध्ये सरकारी खाण-निरीक्षक होते. निरीक्षक म्हणून स्फोटानंतर खाणीत उतरणे हे त्यांचे कामच होते आणि उतरल्यावर त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकत राहिली. मिथेन जिथे साठू शकतो त्या कामाच्या टोकापासून कितीतरी दूर, ताज्या हवेच्या मुख्य रस्त्यांवरूनही ज्वाला शेकडो मीटर धावत गेल्याच्या खुणा असत. तिथे वायू असणे शक्यच नव्हते, कारण तोच तर हवा आत येण्याचा मार्ग. मग ज्वालेला खाद्य कोण पुरवत होते? खांबांवर आणि भिंतींवर जळलेल्या कोळशाच्या पापुद्र्यांचा थर मात्र असे.

ज्याने पिठाच्या गिरणीत काम केले आहे, त्याला हे कोडे अवघड वाटणार नाही. पिठाचा ढीग पेटवायला गेलात तर तो नुसता करपतो; तेच पीठ हवेत उधळले आणि ठिणगी पडली तर प्रत्येक कणाला चहूबाजूंनी प्राणवायू मिळतो आणि सगळा ढग एकाच क्षणी जळतो. पेझ्लीच्या शेजारी ग्लासगोमध्ये १८७२ मध्ये ट्रेडस्टनच्या पिठाच्या गिरण्या अशाच उडाल्या आणि १८ माणसे मेली. खाणीतल्या रस्त्यांवर तर डब्यांतून सांडलेला कोळसा घोड्यांच्या टापांखाली आणि चाकांखाली वर्षानुवर्षे दळला जात होता. एखादा लहानसा स्फोट झाला की त्याचा धक्का पुढे धावतो आणि शांत पडलेली धूळ उठवतो. मागून येणारी ज्वाला ती धूळ खाते, त्यातून नवा धक्का निर्माण होतो आणि तो आणखी पुढची धूळ उठवतो. वायू ही फक्त काडी असते आणि गंजी धुळीची.

लुइनिपिया स्थानकावर उतरून मी आधी आर्चिबाल्ड हूड यांच्या पुतळ्यापाशी गेलो. हेही स्कॉटलंडचेच खाण-अभियंते आणि इथल्या ग्लॅमॉर्गन खाणीचे सर्वेसर्वा. त्यांच्यामुळे तिला लोक ‘स्कॉच खाण’ म्हणत. पुतळ्याचा हात खाणीच्या दिशेने उगारलेला आहे. तिकडे पाहिले तर आता खाण नाही, फक्त जुन्या यंत्रघराच्या विटांच्या भिंती उरल्या आहेत. १९१० मध्ये टोनिपँडीच्या संपात या यंत्रघरासमोर कामगारांची आणि पोलिसांची झुंज झाली होती, आणि येणारे बहुतेक पर्यटक तीच हकिगत विचारत येतात.

मी आलो होतो ते त्याआधीच्या एका प्रयोगासाठी. हूड यांच्या खाणीत गॅलोवे यांना प्रयोग करू दिले गेले आणि त्यांनी खाणीतून फिरून बाहेर येणारी परतीची हवाच वापरली, ज्यात मिथेनचे अगदी अल्प प्रमाण असे. एका बंद पेटीवजा मार्गातून ती हवा खेळवायची, तिच्यात बारीक कोळशाची धूळ सोडायची आणि ज्योतीशी गाठ घालून पाहायचे. एवढा कमी वायू असलेली हवा एरवी दिव्यालाही दाद देत नाही. तिच्यात धूळ मिसळताच ती पेटली. त्यांच्या १८७६ च्या निबंधात प्रमाण दिले आहे, एक टक्क्याहूनही कमी. नेहमीच्या सुरक्षा दिव्याने एवढा वायू ओळखताच येत नव्हता. म्हणजे निरीक्षकाने ‘खाण वायुमुक्त आहे’ असा शेरा मारावा आणि तीच खाण धुळीसह स्फोटक असावी. मी त्या पडक्या भिंतींसमोर कठड्यावर बसून डबा उघडला, पण मेथीच्या पराठ्याची गुंडाळी तशीच हातात राहिली. माझ्याही सहीचे असे कितीतरी शेरे कुठल्या कुठल्या वह्यांत असतील.

परतताना डिनास आणि पेनिग्रेगपर्यंत पायी गेलो. अंतर फार नाही. १३ जानेवारी १८७९ रोजी डिनासला ६३ आणि १० डिसेंबर १८८० रोजी पेनिग्रेगच्या नेव्हल खाणीत १०१ माणसे मेली. पलीकडच्या खोऱ्यांत १८७८ मध्ये अबरकार्नला २६८ आणि १८८० मध्येच रिस्काला १२० गेली होती. पेनिग्रेगच्या स्फोटाचा गॅलोवे यांनी बारकाईने अभ्यास केला आणि ‘धुळीचा प्रभाव’ या मालिकेतल्या पुढच्या निबंधात तो मांडला. प्रयोगाची पेटी जिथे होती तिथून हे दोन्ही स्फोट चालत जाण्याच्या अंतरावर झाले, हे पुस्तकात वाचून ध्यानात येत नाही, पाय दुखायला लागल्यावर येते.

चौथा दिवस : पाऊस

सकाळपासून पाऊस लागला होता, म्हणून घरातच बसून रॉयल सोसायटीच्या जुन्या अंकांत गॅलोवे यांचे निबंध वाचले. भाषा कोरडी आहे. कुठे तक्रार नाही, कुठे आवाज चढलेला नाही. मापे, तापमाने, अंतरे आणि आकृत्या.

धुळीचा संशय सर्वप्रथम त्यांनाच आला असे मात्र नाही. १८४४ मध्ये डरहॅम परगण्यात हॅसवेल खाणीत ९५ माणसे मेली, तेव्हा सरकारने मायकेल फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठवले होते आणि त्या दोघांनी स्फोटात धुळीचाही वाटा असल्याचे स्पष्ट लिहिले होते. त्या भेटीची एक हकिगत प्रसिद्ध आहे. फॅरडे खाणीत एका पोत्यावर बसून, जवळ मेणबत्ती जळत असताना, टिपणे काढत होते आणि त्यांनी सहज विचारले की इथे सुरुंगाची दारू कुठे ठेवता. उत्तर मिळाले की आपण तिच्यावरच बसला आहात. त्यांचा अहवाल पुढे विस्मृतीत गेला आणि गॅलोवे यांना सगळे पहिल्यापासून सिद्ध करावे लागले.

धुळीची कल्पना व्यवसायात इतकी नकोशी का झाली, याचा मी दुपारभर विचार केला. वरवर पाहता आक्षेप तांत्रिक होते. धूळ बसवायला रस्त्यांवर पाणी मारले तर छताचा शेल दगड भिजून सुटतो, खोल आणि उष्ण खाणीत दमटपणाने माणसे कामाला जेरीस येतात, आणि हे आक्षेप खोटेही नव्हते. पण मी व्यवस्थापनात काम केले असल्याने मला त्यामागे आणखी एक गोष्ट दिसते. स्फोट वायूने झाला म्हटले की तो निसर्गाचा कोप ठरतो किंवा मेलेल्या कामगाराचा निष्काळजीपणा. स्फोट धुळीने झाला म्हटले की विचारणा होते, रस्ते शेवटचे कधी झाडले होते, डब्यांच्या फटी का बुजवल्या नाहीत, पाण्याचे नळ कुठवर नेले आहेत. ही सगळी कामे व्यवस्थापकाची. वरिष्ठांना गॅलोवे यांची मते रुचली नाहीत आणि अखेर त्यांना निरीक्षकाची नोकरी सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी खाजगी सल्लागार म्हणून काम केले, शाफ्ट खोदण्याचे तंत्र सुधारले, माझ्या ओळखीचा तो मचाण त्याच शाखेतला, आणि मग कॉलेजात शिकवू लागले. पन्नाशीतल्या माणसाने वर्गात उभे राहून नव्या पिढीला तेच सांगायला घेतले, जे जुन्या पिढीने ऐकले नव्हते.

त्यांच्या प्राध्यापकीच्या पहिल्याच वर्षी, १८९१ मध्ये, सरकारने खास धुळीवर शाही आयोग नेमला आणि अध्यक्षपदी राजकारणी जोसेफ चेंबरलेन होते. निरीक्षक हेन्री हॉल यांनी जुन्या शाफ्टमध्ये धूळ उधळून सुरुंग उडवण्याचे प्रयोग केले आणि वायूचा लवलेश नसतानाही आगीचे लोट वर आले. सुरुंगाने कोळसा फुटण्याऐवजी ज्वाला भोकातून उलट बाहेर आली, तर केवळ धुळीनेही भयंकर स्फोट होऊ शकतो, हे आयोगाने १८९४ मध्ये मान्य केले.

पाचवा दिवस : किलविनिध आणि सेंगहेनिध

आयोगाने मान्य केले त्याच वर्षी, २३ जून १८९४ रोजी, पॉन्टिप्रिथजवळ किलविनिधच्या अॅल्बियन खाणीत २९० माणसे मेली. सकाळी तिथे थोडा वेळ थांबलो. खाणीच्या जागेवर शाळा झाली आहे आणि मैदानावर मुले खेळत होती. शनिवारची दुरुस्तीची पाळी होती, लाकडी खांब सुरुंगाने उडवण्याचे काम चालले होते आणि रस्ते धुळीने भरलेले होते. याहून अधिक तिथे पाहण्यासारखे नाही.

केरफिलीपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे बस घेतली. केरफिलीचा किल्ला पाण्याच्या खंदकात उभा आहे आणि त्याचा एक बुरूज इतका कलला आहे की आपण त्याखाली गाडी उभी करणार नाही. एरवी मी किल्ल्यासाठी दिवस दिला असता. बस दरीतून वर चढत सेंगहेनिधला पोचते आणि तिथेच रस्ता संपल्यासारखा होतो. वर नुसता डोंगर.

युनिव्हर्सल खाणीचे काम १८९१ मध्ये सुरू झाले आणि तिच्या दोन शाफ्टना लँकॅस्टर आणि यॉर्क अशी नावे होती. २४ मे १९०१ रोजी पहाटे पाचच्या सुमारास, रात्रपाळी वर येत असताना, पहिला स्फोट झाला. भूमिगत ८२ माणसांपैकी ८१ गेली. वाचला तो घोड्यांची देखभाल करणारा एक मोतद्दार होता. तो दिवस व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाचा होता आणि त्या वर्षी जानेवारीतच ती वारली होती. गॅलोवे तेव्हा ६१ वर्षांचे होते. त्यांनी या स्फोटाचा अहवाल लिहिला तो वाचताना असे वाटते की एखादा शिक्षक तोच धडा पंचविसाव्या वर्षी फळ्यावर लिहितो आहे. खाण उष्ण आणि कोरडी, हवेत धूळ भरपूर, डबे भरण्याची पद्धत अशी की कोळसा रस्ताभर सांडत आणि दळला जात राहावा. त्यामुळे लहान स्फोट साखळीने सगळ्या खाणीत पसरला.

बारा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९१३ रोजी, सकाळी आठनंतर तीच खाण पुन्हा उडाली. ४३९ कामगार आणि बचावासाठी उतरलेला एक माणूस, असे ४४० बळी गेले. त्यांत चौदा वर्षांची मुलेही होती. ब्रिटनच्या खाणींच्या इतिहासात यापेक्षा मोठा अपघात झालेला नाही. पंख्याची दिशा उलटी करण्याची कायद्याने सांगितलेली सोय झालेली नव्हती, रस्त्यांच्या छतावरची आणि भिंतींवरची धूळ काढण्याच्या नियमाचेही पुरते पालन झाले नव्हते. खटल्यात व्यवस्थापकाला एकूण २४ पौंड आणि अपिलानंतर कंपनीला १० पौंड दंड झाला. व्यवस्थापकाच्या दंडाला माणसांनी भागले तर एका जिवाची किंमत जेमतेम एक शिलिंग, म्हणजे पौंडाचा विसावा भाग, होते. हा भागाकार त्या वेळी इथल्या वर्तमानपत्रानेच करून छापला होता.

बहुतेक माणसे भाजून नव्हे तर स्फोटानंतरच्या विषारी हवेने मेली. रोंधाच्याच टायलर्सटाउनमध्ये १८९६ साली ५७ बळी घेणाऱ्या स्फोटानंतर शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी मृतदेह तपासून दाखवले होते की खरा मारेकरी कार्बन मोनॉक्साइड असतो. धुळीचे अपुरे ज्वलन तो भरपूर निर्माण करते. तेव्हापासून बचावपथकांच्या हातात, या वायूने माणसाआधी कोलमडणाऱ्या कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे आले.

स्मारक गावाच्या वरच्या टोकाला आहे. २०१३ मध्ये शताब्दीच्या दिवशी उभारलेल्या कांस्य शिल्पात बचावपथकातला एक माणूस दमलेल्या खाणकामगाराला आधार देऊन उभा आहे. भोवतालच्या भिंतीवर इथल्या मृतांच्या नावांच्या भाजलेल्या मातीच्या फरशा आहेत, प्रत्येकीवर नाव, वय आणि घराचा पत्ता. एकाच पत्त्यावर दोन-तीन नावे दिसू लागली की पुढे वाचवत नाही. बागेतल्या पायवाटेवर वेल्समधल्या इतर खाण-अपघातांच्या फरशा आहेत आणि गेल्या चार दिवसांत मी जिथे जिथे उतरलो होतो, ती सगळी नावे एकामागून एक पायांखाली आली.

गॅलोवे यांचे नाव मला तिथे दिसले नाही आणि ते असायला हवे असेही नाही. ती जागा ज्यांची आहे त्यांचीच आहे. त्यांना १९२४ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, सर हा किताब मिळाला आणि २ नोव्हेंबर १९२७ रोजी ते निवर्तले. तोवर यॉर्कशायरच्या विल्यम गारफोर्थ यांनी शोधलेला उपाय सर्वत्र लागू होऊ लागला होता. १८८६ मध्ये आपल्या आल्टोफ्ट्स खाणीतील स्फोटानंतर गारफोर्थ यांच्या लक्षात आले की जिथे रस्त्यावर दगडाची भुकटी पडली होती तिथे ज्वाला विझली. दगडाची भुकटी धुळीबरोबर उडते, उष्णता पिऊन टाकते आणि स्वतः जळत नाही. फ्रान्समध्ये कूरिएर येथे १९०६ मध्ये १,०९९ माणसे गेल्यावर आल्टोफ्ट्सला मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले आणि १९२० मध्ये ब्रिटनमध्ये रस्त्यांवर भुकटी मारणे सक्तीचे झाले. आपल्याकडेही हा नियम आहे, तरीही २८ मे १९६५ रोजी बोकारोजवळच्या ढोरी खाणीत धुळीच्या स्फोटाने २६८ माणसे मेली. प्रशिक्षणात आम्हाला पहिला धडा ढोरीचाच मिळाला होता.

बसला अजून वीस मिनिटे होती. तिकडे चंद्रपुरात संध्याकाळचे साडेसात झाले असतील असा हिशेब करून मी माझ्या जुन्या सिरदारांना, म्हणजे खाणीतल्या पाळीच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्यांना, फोन लावला. ते अजून नोकरीत आहेत आणि चुनखडीच्या भुकटीचे काम त्यांच्याचकडे असते. मी कुठे आहे ते सांगितले, आकडा सांगितला. काही क्षण ते बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “तिकडे बी पांढरं मारतात का जी, साहेब?” मी म्हणालो, या खोऱ्यात आता मारायला खाणच उरली नाही. “आपल्याकडं गेल्या हप्त्यात सॅम्पल गेलं,” ते म्हणाले, “दोन नंबरच्या रिटर्नमधलं फेल आलं. उद्या पयल्या पाळीत परत मारून घेतो.” पुढे ते पोत्यांचा हिशेब सांगू लागले, तेवढ्यात बस आली.